न झालेल्या अपघातांचे साहेब

गावात अपघात झाला की अख्खी गल्ली बघायला धावते. अपघात होता होता राहिला, तर ‘वाचला बुवा’ म्हणून लोक टपरीकडे वळतात. देऊळगाव राजात एकच माणूस असा होता, जो या दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम थांबायचा, शर्टाच्या खिशातून पेन काढायचा आणि नुकत्याच वाचलेल्या माणसाला विचारायचा, की तुम्ही नेमके कशामुळे वाचलात. वाचलेला माणूस साहजिकच गावच्या बालाजीचं नाव घ्यायचा. साहेब तेही लिहून घ्यायचे आणि पुढचा प्रश्न विचारायचे, ‘बरं, आणि ब्रेक लागला होता का?’

असा माणूस शेजारी मिळायला पूर्वपुण्याई लागते. ती माझ्याकडे भरपूर होती.

साहेब मूळचे जानेफळचे. शिकले, आणि इथून फार लांब, समुद्राकाठच्या एका अणुवीज केंद्रात नोकरीला लागले. सारी हयात तिथल्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट सांभाळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर काकूंच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावात, घर बांधून राहिले. गावानं लगेच त्यांचं नाव अ‍ॅटमसाहेब ठेवलं. अणू म्हणजे काय हे गावाला पक्कं ठाऊक होतं: तो बॉम्बमध्ये असतो आणि अंगाला लागतो. त्यामुळे पहिलं वर्षभर त्यांच्या घरचं ताक कोणी घेत नव्हतं. लाइट गेल्यावर साहेब अंधारात चमकतात का, हे बघायला समोरच्या गल्लीतली दोन शहाणी माणसं आमच्या गच्चीवर येऊन बसली होती. त्यातला एक शाळेत विज्ञान शिकवायचा.

पंखा बंद करायचा तर तुम्ही-आम्ही बटण दाबतो. साहेब बटणासमोर उभे राहायचे, त्याच्यावर बोट रोखायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, ‘पंखा. बंद करतोय.’ मग बटण दाबायचे, मग वर बघायचे, मग म्हणायचे, ‘पंखा बंद झाला.’ तिकडे शेकडो बटणांतलं चुकीचं दाबलं जाऊ नये म्हणून ही सवय लावलेली. इकडे बटणं दोनच होती, आणि त्यातलं एक बिघडलेलं. सांगितलेली गोष्ट समोरच्यानं परत म्हणून दाखवली पाहिजे, हाही तिकडचाच नियम. ‘अर्धा किलो वांगी’ म्हटल्यावर भाजीवालीनं तागडी उचलली की हे तिला थांबवायचे, आणि काय देतेस ते आधी म्हण, असं सांगायचे. ती म्हणायची, ‘वांगे देऊन राह्यली, दुसरं काय दिसते तुमाले?’ साहेब खूश व्हायचे. त्यांच्या मते निरोप नीट पोचलेला असायचा.

तिकडे घटनांच्या पायऱ्या असतात, शून्यापासून सातापर्यंत. शून्य म्हणजे बाहेर कोणाला धक्का नाही, पण नोंद घ्या. सात म्हणजे साऱ्या जगात बोभाटा. साहेबांनी हे माप घरी लागू केलं होतं. दूध उतू गेलं, शून्य. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅसचा वास येईपर्यंत कोणाला कळलं नाही, एक. एकदा त्यांनी काकूंना उतू गेलेल्या दुधाचं मूळ कारण विचारलं. काकू म्हणाल्या, मूळ कारण हातात पेन घेऊन माझ्यासमोर उभं आहे. ही घटना कितव्या पायरीवर गेली ते साहेबांनी सांगितलं नाही, पण त्या दिवशी दोन्ही वेळा ते आमच्याकडे जेवले.

जानेफळला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. मंडपाला लागून आचाऱ्याच्या भट्ट्या, भट्ट्यांना लागून सिलिंडर, वर कापडी छत आणि छतातून लोंबणारी झुंबराची वायर. आम्ही सगळे मंडपाची तारीफ करत होतो. साहेबांनी मुहूर्ताच्या तोंडावर आचाऱ्याला भट्ट्यांसकट उचलून शेजारच्या शेतात नेलं. मग माइक हातात घेऊन सांगितलं, की काही झालं तर सर्वांनी जमायची जागा ठरवून ठेवू. लोकांनी एकमतानं पंगतीकडे बोट दाखवलं. शेतातून येईस्तोवर जिलबी गार झाली, वरपक्ष रुसला, व्याह्यांनी टोपी काढून ठेवली. लग्न लागलं, कुठं काही पेटलं नाही, आणि नेमक्या त्याच कारणानं त्या घरात साहेबांना आजही मूर्ख समजतात. एवढा तमाशा केला अन् झालं काय, काहीच नाही, असं त्यांचा सख्खा भाऊ मला चिडून सांगत होता.

यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘झालं नाही म्हणून तर बोलतोय. झाल्यावर बोलायला पुष्कळ लोक येतात.’

मी गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये मॅनेजर आहे. कापूस येतो, यंत्रात सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, आणि रुई दाबून तिच्या गठाणी बांधतात. एक ठिणगी पडायचा अवकाश, की सगळी दौलत आकाशात. विमा कंपनीनं शेठना कळवलं, की सुरक्षा अधिकारी नेमा, नाहीतर हप्ता वाढेल. शेठना सही करण्यापुरता माणूस हवा होता, वयस्कर, स्वस्त आणि खुर्चीत बसून राहणारा. मी साहेबांचं नाव सुचवलं. ते खुर्चीत बसणार नाहीत हे मला माहीत होतं, पण निदान दिवसभर आमच्या घरातल्या शेगडीकडे बोट दाखवत तरी बसणार नाहीत, एवढाच माझा स्वार्थ होता.

जिनिंगच्या गेटवर ‘अपघातमुक्त दिवस’ असा बोर्ड होता आणि पुढे आकडा होता. आकडा ऑइलपेंटनं रंगवलेला होता. तो बदलतो कोण, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. कोणी बदलत नव्हतं. एकदा पेंटरनं काढला तो काढला. शेठ म्हणाले, आपल्याकडे अपघात होतच नाहीत, मग रोज पेंटर कशाला बोलवायचा? साहेबांचा चेहरा उतरला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, की ज्या जागेवरून एकही तक्रार येत नाही, ती जागा तिकडे केंद्रात सगळ्यात आधी तपासायचे. आमच्याकडे अशा जागेला बक्षीस देतात, असं मी त्यांना सांगितलं.

त्यांनी कामगारांना जमवलं आणि सांगितलं, की काही चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं, तर मला येऊन सांगा. कोणी आलं नाही. येणार कसं? आमच्याकडे सगळे एकमेकांचे मामे नि चुलते. दुसऱ्याचं सांगितलं तर ती चुगली, स्वतःचं सांगितलं तर तो येडेपणा, आणि शेठचा कायदा तर हमालांच्या पोरांनाही पाठ होता: ज्याचं चुकलं तो गेटाबाहेर. मग साहेबांनी नियम बदलला. दुसऱ्याचं नाव घ्यायचंच नाही, फक्त स्वतःचं सांगायचं. ‘सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही,’ ते म्हणाले, ‘हा माझा शब्द.’ आणि सांगणारा आला, की ते खुर्चीवरून उठून उभे राहायचे, त्याला बसवायचे आणि स्वतःच्या हातानं चहा द्यायचे.

ही रीत त्यांनी तिकडूनच आणली होती. तिकडे एका नव्या माणसानं चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला होता. लगेच परत फिरवला, कोणी पाहिलं नव्हतं, काही बिघडलंही नव्हतं. तरी तो जाऊन शिफ्टच्या इनचार्जला सांगून आला. इनचार्ज उठून उभा राहिला आणि आपल्यासाठी आलेला चहा त्यानं या पोरापुढे ठेवला. शोध घेतल्यावर कळलं, की दोन व्हॉल्व्हच्या पाट्या सारख्या दिसतात. मग साऱ्या इमारतीतल्या पाट्या बदलल्या. ही गोष्ट साहेब नेहमी ‘एक नवा माणूस’ म्हणून सांगायचे. चहा कसा होता, त्यात आलं किती होतं, हेही सांगायचे, त्यामुळे तो नवा माणूस कोण असेल याची मला पुरेशी कल्पना आली होती.

आमच्याकडे चहाचा खप वाढला. रांगच लागली. एका बहाद्दरानं येऊन कबूल केलं, की आज कापसाच्या गंजीजवळ बिडी ओढायचा विचार नुसता मनात आला होता. साहेब उठून उभे राहिले, त्याला चहा दिला, त्याचा विचार शून्याच्या पायरीवर नोंदवला आणि गेटाबाहेर बिडी ओढायला पत्र्याचं शेड घालून घेतलं. मी घरी येऊन पोट धरून हसलो. पण पट्ट्यावर कचरा वेचणारी एक बाई सांगून गेली, की आज माझा पदर पट्ट्यात गेला होता, हिसडून काढला. आणि तिथं जाळी बसली. त्या दिवशी हसायला जरा जड गेलं.

आता गजाननाचं सांगतो. आमच्या जिल्ह्यात ‘गजानन’ म्हणून हाक मारली तर अर्धी रांग वळून बघते, पण मशीन बंद पडल्यावर मारलेल्या हाकेला हा एकच यायचा. उंद्रीचा. फिटर. तोंडाचा फटकळ. बायको-पोरींसह इथंच भाड्यानं राहायचा आणि त्याचं घर आमच्या हंगामावर चालायचं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. गठाणी बांधायच्या प्रेसला झेंडूचा हार घालतात, समोर समया, धूप, कापूर, आणि दोन बोटांच्या अंतरावर रुई. आगीपासून आपलं रक्षण व्हावं म्हणून आम्ही रुईच्या शेडमध्ये जेवढी आग लावतो, तेवढी वर्षभरात कोणी लावत नसेल. साहेब त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जालन्याला गेले होते. आरती सुरू झाली आणि छताखालचा धुराचा सेन्सर, जो साहेबांनी शेठशी भांडून बसवून घेतला होता, तो आपलं काम करू लागला. भोंगा असा कोकलला, की कोणत्या देवाची आरती चाललीय ते कळेना. शेठच्या आई घाबरल्या, अपशकुन झाला म्हणाल्या. शेठनी गजाननाला खूण केली, की ते बंद कर. गजाननानं शिडी लावली, प्रसादाची प्लास्टिकची पिशवी सेन्सरला घातली आणि सुतळीनं गच्च बांधली. आरती निर्विघ्न पार पडली. शेठच्या मुलानं तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. त्यात भोंगा ऐकू येतो, शेठची खूण दिसते, शिडी दिसते, पिशवीही दिसते. साऱ्या गावानं तो बघून हात जोडले. मग बुंदी वाटली गेली आणि पिशवी काढायची राहून गेली.

साहेब परत आले. डोळ्याला जपायचं म्हणून वर मान करायची नाही, शिडी चढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते रोज पॅनेलवरचा दिवा बघायचे. दिवा हिरवा. पिशवीत कोंडलेल्या सेन्सरला जगात सगळं आलबेल दिसत होतं, अगदी शेठना दिसायचं तसं.

दिवाळीनंतर एका दुपारी वेचणाऱ्या बाया शेडच्या सावलीत डबे सोडून बसल्या होत्या. एकीला करपल्याचा वास आला. आधी भाकरी कोणाची करपली यावरून थट्टा झाली. मग कोणीतरी आत डोकावलं, तर गठाणींच्या थप्पीतून धूर निघत होता. कापसाबरोबर आलेली ठिणगी गठाणीच्या पोटात शिरते आणि आतल्या आत धुमसत राहते. पेटते तेव्हा काही उरत नाही. बायांनी ओरडा केला. गजानन आणि हमालांनी ती गठाण ओढून उघड्यावर आणली, पाणी मारलं. एका हमालाच्या हातावर फोड आले, बाकी सगळे सुखरूप.

शेठ आले, बघितलं आणि म्हणाले, ‘चला, काही झालं नाही.’

साहेब पॅनेलसमोर उभे होते. दिवा अजून हिरवाच होता. त्यांनी विचारलं, की भोंगा का वाजला नाही. सगळे खाली बघायला लागले, कारण वर बघितलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजानन केबिनमध्ये आला. मी तिथंच होतो.

‘साहेब, त्या सेन्सरले पिशवी म्या बांधली होती. नवमीच्या पूजेले. काढाची राह्यली.’

साहेब उठून उभे राहिले. थर्मासमधून त्याला चहा ओतून दिला. पिशवी बांधायला सांगितलं कोणी, हे माहीत असूनही मीच मध्ये तोंड घालून विचारलं. गजानन माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘दुसऱ्याचं नाव घ्याचं नाही असं ठरलं हाय न? मी माह्यं सांगतलं.’

दुपारी शेठच्या कानावर गेलं आणि संध्याकाळी गजानन गेटाबाहेर होता. शेठना आयताच गुन्हेगार मिळाला होता, तोही स्वतः चालत आलेला. साहेब शेठकडे गेले तेव्हा शेठ अत्यंत सौजन्यानं वागले. त्यांनी विमा कंपनीचा कागद पुढे केला. या हंगामात एकही घटना घडली नाही, एवढंच त्यावर होतं. ‘सही करा,’ शेठ म्हणाले, ‘गजानन उद्या कामावर.’

सही करा, असं मीही साहेबांना सांगितलं. विनवलं. एक शाईची रेघ, आणि एका घराची हंगामाची बेगमी. साहेबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, ‘सही केली तर मीही पिशवीच बांधली. आणि ही पिशवी शिडी लावून काढताही येणार नाही.’

मला इतका राग आला की मी आवाज चढवून बोललो. ‘तत्त्व तुमचं, साहेब, आणि चूल त्याची.’

 त्यांनी सही केली नाही. कंपनीला सगळं जसंच्या तसं कळवलं: पहिली चूक माझी, मी रोज हिरवा दिवा बघितला आणि छत कोणाकडून बघून घेतलं नाही; पिशवी मालकाच्या सांगण्यावरून बांधली गेली, हे पूजेच्या व्हिडिओत दिसतं; आणि ज्यानं हे आपण होऊन सांगितलं त्याचे आभार मानावेत. नाव कुठंच घातलं नाही. एवढं सरळ लिहिल्यावर गजाननाला न्याय मिळेल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. सारं आयुष्य अणुवीज केंद्रात काढलेला माणूस जगाबाबत इतका भोळा असू शकतो. कंपनीनं आभार कोणाचे मानले नाहीत, हप्ता तेवढा वाढवला. शेठनी साहेबांना नारळ दिला. गजानन परत आला नाही. बिऱ्हाड उचलून गावी गेला आणि पुढे चिखलीच्या एका डाळमिलमध्ये लागला. ज्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं, ते आम्ही सगळे कामावर कायम राहिलो.

साहेब घरी बसले. आता ते पंखा नुसताच बंद करायचे. रस्त्यावर दोन मोटारसायकली एकमेकींना घासून गेल्या तरी वळून बघायचे नाहीत. दूध उतू जातं, शेगडी विझते, तरी हे काही बोलत नाहीत, म्हणून काकू माझ्या बायकोजवळ रडल्या. मला त्या माणसाचा इतकी वर्षं वैताग यायचा, आणि आता तो वैताग यावा म्हणून मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन बसायला लागलो. एकदाच ते त्या विषयावर बोलले. म्हणाले, ‘मी त्याला शब्द दिला, पण तो द्यायचा अधिकार माझा नव्हता. तिकडे माझ्या शब्दामागं अख्खा प्लांट उभा असायचा. इथं मी एकटाच होतो, हे मी बघितलंच नाही.’

उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही त्यांच्या व्हरांड्यात बसलो होतो आणि फाटकाशी मोटारसायकल थांबली. गजानन होता. तोंडाला रुमाल, अंगभर धूळ. चिखलीहून उन्हात गाडी हाणत आलेला. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. भांडायला आलाय असं त्यांना वाटलं, मलाही वाटलं, आणि खरं सांगायचं तर तो भांडला असता तर बरं झालं असतं.

तो पायरीवर बसला. पाणी प्याला. मग म्हणाला, की काल मिलमध्ये पट्ट्याचं झाकण काढून ठेवलं होतं, आणि आत न बघता म्या बटण दाबलं. गड्याचा हात आत होता. त्यानं झटक्यानं ओढला म्हणून राहिला.

साहेबांनी विचारलं, तिथल्या मालकाला सांगितलंस का?

‘नाही. तेवढा शाना झालो आता.’

‘मग मला कशाला सांगतोस?’ साहेबांचा आवाज फाटला. ‘मला सांगून तुझं काय झालं, ते विसरलास का?’

‘इसरलो नाही, साहेब. पण कोनाले सांगतलंच नाही त हात कापते. सकाळपासून कापून राह्यला. उद्या कापत्या हातानं मशीन चालवू का?’

साहेबांनी तोंड फिरवलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग ते त्याच्याशेजारी पायरीवर येऊन बसले. गजाननानं झाकण कशासाठी काढलं, कुठं ठेवलं, गडी कोणत्या बाजूला होता, सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि साहेब मध्ये मध्ये विचारत राहिले. ऊन कलेपर्यंत दोघं बोलत होते. मी शेजारीच होतो, पण माझ्याकडे दोघांपैकी कोणाचंही लक्ष नव्हतं. मला आयुष्यात कोणाचा इतका हेवा वाटलेला नाही.

साहेब आता मुलाकडे पुण्याला असतात. आमच्या जिनिंगमध्ये त्यानंतर कोणीही, काहीही सांगायला आलेलं नाही. शेठ म्हणतात, बघा, माणसं किती सुधारली. मला भीती वाटते.